पोकर बंद, पैसे काढणं चालू

ऑगस्ट 2025 मध्ये कुणी मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळत असेल, तर त्याला ॲपमध्ये एकदम बदल दिसला असेल : पैसे भरणं बंद, शिल्लक काढणं चालू. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींनी ऑनलाइन गेमिंग कायद्याला मंजुरी दिली, आणि पोकरबाझी, अड्डा52 या ॲपनी पैशांचे डाव थांबवले.

तोवर कंपन्यांची ढाल एकच होती, ‘हा कौशल्याचा खेळ’. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. तेलंगणाने 2017 मध्ये बंदी घातली, तेव्हा कंपन्यांनी लोकेशन पाहून तिथल्या खेळाडूंना अडवलं आणि बाकी देशात धंदा चालू ठेवला. नव्या कायद्याने ती पळवाट बुजवली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावले की बंदी. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे योग्यच झालं. मग कुणी नोकरकपात केली, कुणी फुकट खेळांकडे वळलं, ए23 या गेमिंग ॲपची कंपनी कायद्याविरोधात कर्नाटक उच्च न्यायालयात गेली.

मला खरी काळजी आहे ती टेलिग्रामवर येणाऱ्या परदेशी पोकर ॲपच्या लिंकची. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला इथे कुणीच नसतं. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.