‘द रिंग’चे जुने अंक : संग्रह कशासाठी, कसा?

मुष्टियुद्धाची जुनी मासिकं जमवणारे साधारण दोन प्रकारचे. एकांना मुखपृष्ठावरचा जो लुई किंवा मुहम्मद अली हवा असतो. दुसऱ्यांची नजर शेवटच्या पानांवरच्या बारीक टायपातल्या निकालांवर असते. इतिहासाच्या कामाला हे दुसरे संग्रह जास्त येतात. का, ते ‘द रिंग’ या एकाच मासिकावरून पाहू.

हे मासिक नॅट फ्लायशर यांनी १९२२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला सुरू केलं आणि १९७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच त्याचा कणा होते. त्या काळी अमेरिकेत गावोगावी लढती होत. प्रत्येक राज्याचं नियामक मंडळ वेगळं, सगळ्या देशाची मिळून अशी एक नोंदवही नाही. ती जागा ‘द रिंग’ने भरून काढली. मासिकातले निकाल, खेळाडूंची क्रमवारी आणि ‘रिंग रेकॉर्ड बुक’ हे वार्षिक यांवर आयोजकांपासून वार्ताहरांपर्यंत सगळे विसंबून असत.

पण नोंद ठेवणाराही माणूसच. त्याची मतं असतात. १९६६ साली अलीने विजेतेपद राखण्याच्या पाच लढती जिंकल्या, तरी ‘द रिंग’ने त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान कुणालाच दिला नाही. पुढच्याच वर्षी गंमत बघा. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे नियामक मंडळांनी अलीचं विजेतेपद काढून घेतलं, तेव्हा हेच मासिक त्याच्या बाजूने उभं राहिलं आणि त्यालाच विजेता मानत राहिलं! १९६६ चा मान त्याला मासिकाने बऱ्याच वर्षांनी दिला. म्हणजे आज नुसती यादी वाचली तर त्या वेळचा नकार दिसतच नाही. तो पाहायचा तर मूळ अंकच हवा.

१९७७ चं प्रकरण तर याहून गंभीर. डॉन किंग यांनी भरवलेली आणि ‘एबीसी’ वाहिनीने दाखवलेली एक स्पर्धा मध्येच थांबवावी लागली. काही खेळाडूंच्या नावावर न झालेल्या लढतींचे विजय ‘रेकॉर्ड बुक’मध्ये छापले गेल्याचं उघड झालं होतं. छापलं म्हणजे खरं, असं धरून चालत नाही ते यासाठी. आदल्या वर्षांचे अंक आणि स्थानिक वर्तमानपत्रं शेजारी ठेवली की अशी भर पकडता येते.

म्हणून सुटे ‘गाजलेले’ अंक घेण्यापेक्षा एखाद्या वर्षाचे बारा अंक सलग मिळवावेत. घेताना मधली पानं शाबूत आहेत का, कुपनं किंवा चित्रं कापलेली नाहीत ना, हे पान उलटून बघावं. बांधीव खंडांत कडा छाटताना कधी मजकूरही जातो, आणि मुखपृष्ठं व जाहिराती काढून टाकलेल्या असतात. मुखपृष्ठावरचा महिना लढतीचा महिना समजू नये. छपाईला वेळ लागायचा, त्यामुळे वृत्तांत काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येई.

जपणूक सोपी, पण नेटाने करायची. स्वस्त कागदातल्या आम्लाने पानं पिवळी पडून तुटतात, गंजलेल्या पिना कागद खातात. अंक आडवे ठेवा, ऊन आणि दमट भिंत टाळा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. पीव्हीसीच्या पिशव्यांऐवजी पॉलिस्टरच्या घ्या.

हीच शिस्त आपल्या घरच्या कागदांनाही लावता येईल. दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ वडोदऱ्यातून निघाला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. कोश ग्रंथालयांतून तरी मिळतो. पण जुन्या तालमींच्या माळ्यावर पडलेली व्यायामविषयक मासिकं, दंगलींची हस्तपत्रकं रद्दीत गेली, की त्या कोशातली एखादी नोंद पडताळायला दुसरा कागद उरणार नाही. माळा झाडायला काढाल तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तेवढं एकदा चाळून घ्या.