सवाईचं माहेर

हुबळीहून बंगळूरच्या दिशेनं निघालं की वीसेक किलोमीटरवर कुंदगोळ लागतं. काळी माती, कापूस, मिरची आणि मधोमध तालुक्याचं छोटं गाव. डिसेंबरच्या थंडीत पुण्यात शाली पांघरून ‘सवाई’ला बसणाऱ्या हजारो रसिकांपैकी फार थोडे या गावापर्यंत आले असतील. ज्यांच्या नावानं तो महोत्सव भरतो ते सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. ते याच गावात वाढले आणि त्यांची विद्याही इथूनच पुढे गेली.

गावात नाडगिरांचा वाडा आहे. सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीनिमित्त इथे रात्रभर गाणं चालतं. १२ सप्टेंबर १९५२ ला ते गेले. पुण्याचा महोत्सव १९५३ पासूनचा. त्याचा व्याप मोठा, मंडप मोठा, ध्वनियंत्रणा मोठी. कुंदगोळला मात्र वाड्याच्या छपराखाली, जाडजूड लाकडी खांबांमध्ये श्रोता गायकाच्या इतका जवळ बसतो की तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू येते. मध्यरात्र उलटल्यावर तिथे रंगलेला मालकंस ऐकावा आणि मग ‘मैफल’ या शब्दाचा अर्थ पुन्हा ठरवावा, असं माझं मत आहे.

याच गावात १९३०च्या दशकात गदगचा एक मुलगा गुरूच्या घरी पाणी भरत गाणं शिकला. तो पुढे पंडित भीमसेन जोशी झाला. त्याच काळात हुबळीहून संध्याकाळच्या रेल्वेनं एक तरुण स्त्री शिकवणीला यायची आणि रात्रीच्या गाडीनं घर गाठायची. त्या गंगूबाई हनगल. धारवाडात १९१३ साली जन्मलेल्या गंगूबाईंना आई अंबाबाईंचं कर्नाटक संगीत घरातच मिळालं होतं, तरी त्या वळल्या किराणा घराण्याच्या गायकीकडे.

किराणा इथे आला तो वाटेवरच्या मुक्कामामुळे. म्हैसूर दरबाराकडे जाता-येता अब्दुल करीम खाँ धारवाडला भावाकडे उतरत. त्या मुक्कामांत शिष्य मिळाले, त्यात रामभाऊ होते. भास्करबुवा बखले धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात गाणं शिकवत. सितारीचे रहिमत खाँही धारवाडचेच झाले आणि त्यांच्या घराण्यात सितार पिढ्यान्‌पिढ्या वाजत राहिली. वरती मुंबई-मिरज, खाली म्हैसूर, मधल्या गावाच्या वाट्याला दोन्हीकडचं आलं. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर तर आधी मिरजेच्या नीळकंठबुवांकडे शिकले, नंतर मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडून त्यांनी जयपूर-अत्रौली गायकी घेतली. धारवाडातलं त्यांचं ‘मृत्युंजय’ हे घर आता स्मारक झालं आहे. तिथे गेलात तर आवाज खाली ठेवा. ते घर अजून कुणीतरी रियाझाला बसावं इतकं शांत आहे.

हुबळी आणि धारवाड यांची महापालिका १९६२ मध्ये एक झाली. मधलं वीस किलोमीटरचं अंतर आता ‘चिगरी’ बस झटकन कापते, पण दोन्ही गावांचा स्वभाव वेगळाच राहिला. हुबळी व्यापाराची, रेल्वेची, सावजी खानावळींच्या तिखट रश्श्याची. धारवाड कॉलेजांचं, पावसाचं, लाइन बाजारातल्या पेढ्याचं.

हुबळी बघायची ती होळीत. गल्लोगल्ली काम आणि रतीच्या मूर्ती बसतात, हलगी दिवसरात्र थांबत नाही आणि खरा रंग उडतो तो पाचव्या दिवशी, रंगपंचमीला. त्या दिवशी बाजारपेठ बंद असते. शेजारच्या नवलगुंदच्या रामलिंग कामण्णाला, म्हणजे कामदेवालाच, लोक लग्नासाठी, मुलासाठी नवस बोलतात. ज्याला शंकरानं जाळलं त्याच्याकडेच इथली माणसं संसार मागतात, ही मला या मुलुखातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. महाशिवरात्रीला सिद्धारूढ मठाची जत्रा भरते, रथ ओढला जातो. हुबळीच्या स्टेशनालाही आता सिद्धारूढ स्वामींचं नाव आहे.

गणपतीनंतर खेड्यापाड्यांत जोकुमार येतो. मातीची मूर्ती, तोंडाला लोणी, कडुलिंबाचा पाला, आणि ती टोपलीत घालून दारोदार गाणी म्हणत फिरवणाऱ्या बहुधा अंबिग समाजाच्या, म्हणजे नावाडी-कोळ्यांच्या बायका. तो पाऊस आणतो अशी श्रद्धा. चंद्रशेखर कंबारांनी याच देवावरून ‘जोकुमारस्वामी’ नाटक लिहिलं. दसऱ्याला आपण आपट्याची पानं वाटतो, इथे बन्नीची, म्हणजे शमीची वाटतात. सोन्यासारखं राहू या, ही भावना तीच.

मराठी वाचकानं आणखी एक गोष्ट ओळखून घ्यायला हवी. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि एकोणिसाव्या शतकात इथल्या शाळा-कचेऱ्यांत मराठीचा इतका वरचष्मा होता की कन्नडला आपल्याच घरात जागा मागावी लागली. त्यातूनच १८९० मध्ये रा. ह. देशपांडे यांनी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन केला. ही मागणी न्याय्य होती, हे मोकळेपणानं म्हटलं पाहिजे. पुढे याच गावानं मराठी घरात जन्मलेल्या द. रा. बेंद्रे यांना कन्नडचे वरकवी मानलं. ‘नाकु तंति’साठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ मिळाला. साधनकेरी तळ्याकाठच्या त्यांच्या घराशी आजही लोक थांबतात. आणि जी. ए. कुलकर्णी सुमारे तीस वर्षं इथे इंग्रजी शिकवत, सभासमारंभ टाळत मराठी कथा लिहीत राहिले. गावानं त्यांचं एकटेपण मोडलं नाही.

धारवाडच्या सुभाष रोडवर मनोहर ग्रंथमालेचा ‘अट्ट’ म्हणजे माळा आहे. जी. बी. जोशींनी १९३३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकाशनानं गिरीश कार्नाडांची नाटकं छापली. अरुंद जिना चढून वर जावं लागतं. आपल्याकडच्या किती प्रकाशकांच्या दारात लेखक असे नुसते गप्पा मारायला जमत असतील?

पुण्या-मिरजेहून धारवाड-हुबळीला थेट गाड्या आहेत. सप्टेंबरात कुंदगोळच्या रात्रीची तारीख विचारून घ्या आणि एकदा या. येताना पांघरूण आणा, वाड्यात पहाटे गारठा असतो. भैरवी होईपर्यंत मात्र उठू नका.