संसर्गानंतरची लस

लस ही रोग होण्याआधी घ्यावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूवरील (एचपीव्ही) ज्या लसी २००६ पासून उपलब्ध झाल्या, त्या याच प्रकारच्या आहेत. विषाणूच्या बाह्य कवचाविरुद्ध त्या प्रतिपिंडे तयार करतात व त्याला पेशीत शिरण्यापूर्वीच रोखतात. मात्र विषाणू पेशीत शिरल्यावर ही प्रतिपिंडे निरुपयोगी ठरतात. मग ज्या स्त्रियांना संसर्ग आधीच झाला आहे, त्यांचे काय?

बहुतेक स्त्रियांमध्ये हा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काहींमध्ये तो टिकून राहतो आणि पेशींत कर्करोगपूर्व बदल घडू लागतात. अशा पेशींत विषाणूची 'ई-६' व 'ई-७' ही प्रथिने तयार होत असतात. पेशींच्या अनिर्बंध वाढीला लगाम घालणारी शरीराची 'पी-५३' व 'आरबी' ही प्रथिने ती निकामी करतात. उपचारात्मक लसीचे लक्ष्य हेच आहे. 'ई-६' व 'ई-७' बाळगणारी पेशी ओळखून ती नष्ट करण्यास ही लस 'टी' पेशींना शिकवते.

सध्या असा बाधित भाग गोठवून नष्ट करतात किंवा कापून काढतात. कापण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुढील गरोदरपणात अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. म्हणूनच तरुण स्त्रियांच्या दृष्टीने या लसीचे मोल मोठे आहे.

नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी बाह्य जननेंद्रियावरील कर्करोगपूर्व विकृतीवर अशी लस वापरली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९ पैकी ९ स्त्रियांची विकृती वर्षभरात पूर्णपणे नाहीशी झाली. 'व्हीजीएक्स-३१००' या डीएनए लसीच्या २०१५ मधील चाचणीत ४९.५ टक्के स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाची विकृती मागे हटली. पण लस न मिळालेल्यांतही हे प्रमाण ३०.६ टक्के होते. विकृती आपोआपही बरी होत असल्याने लसीचे श्रेय किती, हे ठरवणे कठीण जाते. याच लसीच्या पुढील मोठ्या चाचणीला २०२३ मध्ये अपेक्षित उद्दिष्ट गाठता आले नाही.

त्यामुळे तूर्त भिस्त वेळेवर होणाऱ्या तपासणीवरच आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे व त्यानंतरच्या उपचारांमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.