संकेतस्थळांवरील सामूहिक शब्दपालट आणि मराठी स्थलनामे

संकेतस्थळाच्या शेकडो पृष्ठांत विखुरलेला एक शब्द काढून त्याच्या जागी दुसरा घालावयाचा, हे काम वरवर पाहता कारकुनी वाटते. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव असे अधिकृत नामांतर झाले. तेव्हापासून अशा शब्दपालटाचा प्रश्न मराठी संकेतस्थळांपुढे वारंवार येतो, आणि तो कारकुनी नाही हे ध्यानात येऊ लागते.

प्रथम यंत्राची बाजू पाहू. वर्डप्रेस या सर्वपरिचित व्यवस्थेत ‘सामूहिक संपादन’ ही सोय आहे; परंतु तिने अनेक लेखांचा लेखक, वर्ग वा प्रकाशनस्थिती पालटता येते, लेखांतील शब्द नव्हे. त्यासाठी थेट डेटाबेसला हात घालावा लागतो. लेखांचा मजकूर तेथे साधा असल्यामुळे सरळ अदलाबदल खपून जाते. मांडणीविषयक नोंदी मात्र पुष्कळदा अशा रूपात साठविलेल्या असतात की, प्रत्येक शब्दसमूहाआधी त्याची लांबी बाइटांत लिहिलेली असते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. ‘औरंगाबाद’ ८ चिन्हांचे, म्हणजे २४ बाइटांचे. ‘छत्रपती संभाजीनगर’ मधली मोकळी जागा धरून ४९ बाइटांचे. शब्द बदलला आणि २४ हा आकडा तसाच राहिला, तर ती नोंद वाचली जात नाही व पृष्ठाचा तेवढा भाग नाहीसा होतो. डब्ल्यूपी-सीएलआय या साधनातील शोध-बदल आज्ञा अशी नोंद उलगडते, बदलते आणि नवी लांबी घालून पुन्हा बांधते. प्रत्यक्ष बदल न करता केवळ संख्या दाखविणारी रंगीत तालीमही तिच्यात करता येते. ती टाळू नये.

खरी अडचण भाषेची आहे. ‘औरंगाबादचा’, ‘औरंगाबादला’ ही रूपे निर्वेध पालटतात. परंतु ‘औरंगाबादेत’ याचे ‘छत्रपती संभाजीनगरेत’ होते, जे मराठी नव्हे. अठराव्या शतकातील कवी सिराज औरंगाबादी यांची तर ‘सिराज छत्रपती संभाजीनगरी’ अशी विटंबना होईल. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, आणि यंत्राला भूगोल कळत नाही. ‘औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले’ या वाक्यातील माहितीच नष्ट होते. विद्यापीठाचे उदाहरण याहून बोलके आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला. जुने नाव शोधून नवे घालू गेल्यास, जेथे नवे आधीच आहे तेथे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ ही अक्षरे दोनदा उमटतात, कारण जुने नाव नव्याच्या पोटात आहे. नामांतराच्या चळवळीवरील लेखात तर चळवळीला कारणच उरत नाही.

शिवाय दिसण्यात एक असलेले शब्द साठविण्यात एक असतीलच असे नाही. ‘साताऱ्यात’ यातील जोडाक्षर दोन निरनिराळ्या चिन्हक्रमांनी लिहिता येते. एकाचा शोध घेतल्यास दुसरे सापडत नाही.

म्हणून आधी शब्दाची सर्व स्थळे मागच्यापुढच्या मजकुरासह काढावीत, रूपांची वर्गवारी करावी आणि प्रत्येक रूपाला स्वतंत्र नियम द्यावा. लांब रूप आधी, आखूड नंतर, हा क्रम पाळावा. अवतरणे, ग्रंथनामे आणि जुन्या दस्तऐवजांचे मथळे यांना हात लावू नये. १९६० च्या पत्रावर २०२३ चे नाव चढविणे म्हणजे संशोधकाच्या दृष्टीने पुरावा बिघडविणेच होय. थेट डेटाबेसात केलेल्या बदलाची मागील आवृत्ती वर्डप्रेस ठेवीत नाही, तेव्हा संपूर्ण प्रत आधी काढून घ्यावी. वाचक जुन्या नावानेही शोध घेतात. यास्तव लेखाच्या प्रारंभी दोन्ही नावे देऊन मजकूर मूळचाच ठेवणे पुष्कळदा अधिक सोयीचे ठरते.