काळ्या घोड्याचा तराजू

बायबलच्या नव्या करारातील शेवटचे पुस्तक म्हणजे ‘प्रकटीकरण’. सात शिक्के, चार घोडेस्वार, श्वापद आणि ६६६ हा आकडा यांमुळे ते गूढ व भयप्रद वाटते. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली मिशनचे कार्य सुरू केले; ख्रिस्ती बांधवांचा शेजार आपल्याला नवा नाही. तरीही ‘प्रकटीकरण’ म्हणजे जगबुडीचे भविष्य, एवढीच आपली समजूत असते. ती तपासून पाहू.

बहुतेक अभ्यासक हे लेखन इ. स. ९५ च्या सुमाराचे, रोमन सम्राट डोमिशियनच्या काळातील मानतात. पात्मोस बेटावरून योहान आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना धीर देत होता. म्हणूनच भाषा सांकेतिक आहे. बाबेल म्हणजे रोम. आणि ‘नीरो कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्यांच्या अंकमूल्यांची बेरीज केली, की ६६६ भरतात.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला सहाव्या अध्यायातील काळा घोडा सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. स्वाराच्या हाती तराजू आहे. एका दिनाराला एका माणसाला दिवसभर पुरतील एवढेच गहू, किंवा त्याच्या तिप्पट जव. दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. मग बायकामुलांनी खायचे काय? तेल आणि द्राक्षारस यांना मात्र धक्का लागत नाही. गरिबाची भाकरी महागते आणि श्रीमंताची चैन शाबूत राहते, असा अर्थ काही भाष्यकार लावतात. महाराष्ट्रातील १९७२ चा दुष्काळ ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी सोसला, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

आपल्याकडे कलियुगाच्या अखेरीस कल्की शुभ्र अश्वावरून येतो. येथेही पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो. परंतु कल्कीनंतर पुन्हा कृतयुग सुरू होते. ख्रिस्ती विचारात काळ एकदाच पुढे जातो, म्हणून अंतिम न्यायही एकदाच.

तो दिवस कधीचा? अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली; दिवस आला तसा गेला. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असे खुद्द येशूचे सांगणे आहे. न्यायाची कसोटी मात्र मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात स्पष्ट आहे : भुकेल्याला अन्न दिलेत का? परक्याला आसरा दिलेत का?

तारखेचा हिशेब मांडण्यापेक्षा आपल्या बाजारातील तराजू कोणाच्या बाजूने झुकतो, हे पाहणे मला या पुस्तकाचे खरे वाचन वाटते.