सपाट पाय आणि धावण्याचे 'स्टॅबिलिटी' शूज

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावोगावच्या मैदानांवर पहाटेची गर्दी वाढते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ५० गुणांच्या मैदानी चाचणीत या एका धावेलाच २० गुण आहेत. त्यामुळे प्रत्येक सेकंदाला किंमत येते. दोन-तीन आठवड्यांत कुणाची नडगी दुखू लागते, कुणाची टाच, कुणाचा गुडघा. मग मैदानावरचाच एखादा जाणता सांगतो, "तुझा पाय सपाट आहे. साध्या शूजवर धावू नकोस, स्टॅबिलिटीचे घे." दुकानात चौकशी केली तर नामांकित कंपन्यांच्या अशा अनेक शूजची किंमत दहा हजार रुपयांच्या वर निघते. ज्या घरात एकाच्या मजुरीवर चार जणांचे भागते, तिथे ही रक्कम उसनवारीनेच उभी राहते.

आमच्याकडे याबद्दल वारंवार विचारणा होते. हे शूज नेमके काय करतात? ते घातले नाहीत तर पाय निकामी होईल का? आणि घेतले तर दुखणे थांबेल का? या तीन प्रश्नांची उत्तरे आज पाहू.

पाय आत का कलतो?

धावताना बहुतेकांच्या टाचेची बाहेरची कड आधी जमिनीला लागते. त्यानंतर पाऊल थोडे आतल्या बाजूला कलते, तळपायाची कमान किंचित खाली बसते आणि शेवटी अंगठ्याच्या बाजूने आपण जमीन मागे ढकलतो. या आत कलण्याला 'प्रोनेशन' म्हणतात. हा दोष नाही. जमिनीवर आदळल्याचा धक्का शरीर अशाच रीतीने पचवते. पाऊल अजिबात कलले नाही तर तोच धक्का थेट नडगीत आणि गुडघ्यात जाईल.

कुणाचे पाऊल कमी कलते, कुणाचे जास्त. फार कलणाऱ्या पावलाला 'ओव्हरप्रोनेशन' असे नाव पडले. ज्यांची कमान खाली बसलेली असते, म्हणजे ओला पाय फरशीवर ठेवल्यावर ज्यांचा अख्खा तळवा उमटतो, त्यांचे पाऊल जास्त कलते असे मानले गेले. हे काही जणांच्या बाबतीत खरे असते, सगळ्यांच्या नाही. फरशीवरचा ठसा पाय स्थिर असतानाचा असतो. धावताना तोच पाय कसा वागेल हे ठशावरून नीट सांगता येत नाही.

या शूजचा जन्म

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर या अमेरिकी धावपटूने मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले आणि अमेरिकेत सामान्य माणसे रस्त्यावर धावू लागली. त्यांच्यासाठी जाड, मऊ फोमचे शूज निघाले. धावणारे वाढले तशी गुडघे आणि नडगीची दुखणीही वाढली. पाऊल आत कलते म्हणून हे होते, असा विचार त्या काळात रुजला. १९७७ मध्ये ब्रूक्स कंपनीने 'व्हँटेज' नावाच्या शूजमध्ये आतल्या बाजूला पाचर बसवली. पुढे इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. १९९३ मध्ये अॅसिक्सचा 'जेल-कयानो' आला. तो आजही या प्रकारातला सर्वांत ओळखीचा शूज आहे.

जुन्या पद्धतीच्या स्टॅबिलिटी शूजमध्ये तळाच्या आतल्या बाजूचा फोम बाहेरच्या फोमपेक्षा कडक असतो. बऱ्याचदा तो करड्या रंगाचा असतो, त्यामुळे बाजूने पाहिले की लगेच ओळखू येतो. पाऊल आत कलू लागले की हा कडक भाग त्याला अडवतो. नव्या शूजमध्ये अनेक कंपन्यांनी हा भाग काढून टाकला आहे. त्याऐवजी तळ रुंद केला जातो आणि टाचेच्या दोन्ही बाजूंना फोमच्या उंच कडा ठेवल्या जातात. पाऊल मर्यादेबाहेर गेले तरच या कडा आधार देतात. जेल-कयानोच्या २०२३ मध्ये आलेल्या तिसाव्या आवृत्तीतही तो कडक भाग राहिला नाही. 'पाय अडवा' इथपासून कंपन्या 'पायाला सांभाळून घ्या' इथपर्यंत आल्या आहेत.

धावणाऱ्यांचे अनुभव

हे शूज वापरणाऱ्यांचे अनुभव एकसारखे नाहीत, आणि सल्ला देणाऱ्यांनी हेच आधी लक्षात घ्यायला हवे.

काही जणांना खरोखर आराम पडतो. विशेषतः लांब अंतराच्या शेवटी, पाय थकल्यावर ज्यांचा घोटा आत ढासळतो आणि घोट्याच्या आतल्या बाजूला किंवा नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागतो, ते सांगतात की या शूजमध्ये पाय भरवशाचा वाटतो. वजनाने जड असणाऱ्यांना रुंद तळ बरा वाटतो. असे लोक एकाच प्रकारच्या शूजवर वर्षानुवर्षे धावतात आणि त्यांनी तो बदलण्याचे काही कारण नाही.

काही जणांचा अनुभव याच्या उलट असतो. कमानीखाली दगड ठेवल्यासारखे टोचते. तळव्याच्या आतल्या बाजूला फोड येतात. पाऊल बाहेरच्या कडेवर ढकलले जाते आणि आजवर न दुखलेली गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागते. ज्यांची कमान मुळातच उंच आहे, त्यांना हा त्रास होण्याची शक्यता जास्त. 'सवय होईल' म्हणून असे दुखणे सोसत राहू नये. चांगला शूज पहिल्या दिवसापासूनच पायाला बरा वाटायला हवा.

तिसरा अनुभव फसवा असतो. जुना, झिजलेला शूज टाकून नवा स्टॅबिलिटी शूज घेतला आणि दुखणे थांबले. श्रेय आधाराला दिले जाते. पण त्याच सुमारास दुखत होते म्हणून आठवडाभर विश्रांती घेतलेली असते, आणि झिजून कडक झालेल्या फोमच्या जागी ताजा फोम आलेला असतो. साध्या नव्या शूजनेही कदाचित तेवढाच फरक पडला असता.

आणखी एक तक्रार जुन्या वापरकर्त्यांची असते. शूजचे नाव तेच राहते, पण दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि आतली रचना बदलते. म्हणून आधीच्या जोडीच्या भरवशावर न घालता नवी जोडी घेऊ नये.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्याने भरती झालेल्या हजारो जवानांवर या प्रश्नाचा अभ्यास झाला. एका गटाला तळव्याचा आकार पाहून शूज दिले: सपाट पायाला जास्त आधाराचे, उंच कमानीला मऊ. दुसऱ्या गटात पाय कसाही असो, सगळ्यांना एकाच प्रकारचे शूज दिले. दोन्ही गटांतील दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या मुला-मुलींसाठी हा अभ्यास सर्वांत जवळचा आहे, कारण तिथेही तरुण शरीरे थोड्या आठवड्यांत भरपूर धावत होती.

डेन्मार्कमधील अभ्यासात धावायला नव्याने सुरुवात करणाऱ्या ९२७ जणांना साधे, विशेष आधार नसलेले शूज देऊन वर्षभर पाहिले गेले. ज्यांचे पाऊल आत कलणारे होते त्यांना जास्त दुखापती झाल्या असे आढळले नाही. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि 'आत कलणारा पाय म्हणजे दुखापत ठरलेली' या समजुतीला मोठा धक्का बसला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लक्झेंबर्गमध्ये ३७२ हौशी धावपटूंवर सहा महिने अभ्यास झाला. तिथे आधार असलेले शूज घालणाऱ्यांना कमी दुखापती झाल्या, आणि हा फायदा मुख्यतः ज्यांचे पाऊल आत कलते त्यांनाच मिळाला. म्हणजे हे शूज निरुपयोगी आहेत असेही म्हणता येत नाही.

कॅनडातील संशोधक बेनो निग यांनी अनेक वर्षांच्या कामानंतर एक साधी गोष्ट मांडली. प्रत्येकाच्या सांध्यांची हालचालीची स्वतःची वाट असते. ज्या शूजमध्ये पायाला सहज आणि आरामशीर वाटते, तो शूज त्या वाटेच्या आड येत नाही. म्हणून शूज निवडताना आराम ही पहिली कसोटी ठेवावी, असे त्यांचे म्हणणे आहे.

या सगळ्याचा अर्थ असा: सपाट पाय आहे एवढ्याच कारणाने महागडे शूज घ्यायला हवेत, याला पुरावा नाही. घालून पाहिल्यावर आरामशीर वाटले आणि परवडत असतील, तर जरूर घ्यावेत.

मग दुखते कशामुळे?

बहुतेक वेळा अंतर आणि वेग एकदम वाढवल्यामुळे. जाहिरात निघेपर्यंत धावणे बंद असते आणि निघाल्यावर आठवड्यात सहा दिवस, रोज पूर्ण जोर लावून, तेही डांबरी रस्त्यावर धावणे सुरू होते. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडे आणि स्नायुबंध मजबूत व्हायला महिने लागतात. फुफ्फुसे तयार असतात, नडगी तयार नसते. ही उणीव कोणताही शूज भरून काढत नाही.

म्हणून आमचा सल्ला असा:

१. जाहिरातीची वाट न पाहता आधीपासून धावा. सुरुवातीला एक दिवस धावणे, एक दिवस विश्रांती किंवा चालणे. अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवा. पूर्ण वेगाची धाव आठवड्यातून एक-दोनदाच.

२. शक्य तेवढे मातीच्या मैदानावर धावा. खड्डे आणि उतार टाळा.

३. पायाचे स्नायू बळकट करा. भिंतीला हात टेकवून टाचा वर-खाली करणे, एका पायावर तोल सांभाळणे, जमिनीवर पसरलेला टॉवेल पायाच्या बोटांनी ओढणे, हे व्यायाम घरी फुकट होतात. ब्राझीलमध्ये ११८ धावपटूंवर झालेल्या अभ्यासात तळपायाचे असे व्यायाम करणाऱ्यांना वर्षभरात दुखापती बऱ्याच कमी झाल्या.

४. शूज संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. धावताना वापरता तेच मोजे घालून पाहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानातच थोडे धावून पाहा. साधा आणि स्टॅबिलिटी असे दोन्ही प्रकार घाला, आणि कुठला कोणता आहे हे विसरून पायाला काय बरे वाटते ते पाहा.

५. चाचणीच्या दिवशी नवे कोरे शूज घालू नका. निदान दोन-तीन आठवडे वापरलेलेच घाला.

६. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावून झाल्यावर फोम थकतो. वरून शूज चांगला दिसला तरी पुन्हा दुखू लागले तर हे कारण तपासा.

७. पोटभर खा. डाळ, अंडी, दूध, नाचणी, पालेभाज्या, जे परवडेल ते रोजच्या जेवणात असू द्या. धावणे वाढवून जेवण कमी केले तर हाडे कमकुवत होतात. सराव सुरू झाल्यावर मुलीची पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ते लपवू नये. आईने ते आवर्जून विचारावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

सपाट पाय आणि वैद्यकीय तपासणी

सपाट पाय असला की सैन्यात घेतच नाहीत, असा मोठा समज आहे. टाचा उचलून चवड्यावर उभे राहा आणि कुणाला तरी मागून पाहायला सांगा. कमान पुन्हा उमटत असेल, पाय लवचीक असेल आणि दुखत नसेल, तर तो लवचीक सपाट पाय. सैन्याच्या वैद्यकीय निकषांत असा पाय आणि ताठर सपाट पाय यांत फरक केला जातो. ताठर सपाट पायाची अडचण खरी आहे. पण शूज घालून कोणाचीही कमान कायमची उचलली जात नाही. 'हे शूज घाल, कमान येईल' असे कुणी सांगून पैसे घेत असेल तर देऊ नयेत. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातील अस्थिरोग विभागात आधीच तपासून घ्यावे.

चाळिशीनंतर एकाच पायाची कमान हळूहळू खाली बसू लागली आणि घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आली, तर तो वेगळा आजार असू शकतो. मधुमेह असणाऱ्यांनी तळपायाच्या कोणत्याही बदलाकडे दुर्लक्ष करू नये. या दोघांनीही स्वतःच्या मनाने शूज न निवडता डॉक्टरांना दाखवावे.

धावणे केव्हा थांबवावे?

नडगीच्या कडेला लांबवर पसरलेला ठणका विश्रांतीने आणि अंतर कमी केल्याने बहुधा बरा होतो. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, चालतानाही दुखत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर हाडाला बारीक भेग गेलेली असू शकते. सुरुवातीच्या दिवसांत ती साध्या एक्स-रेमध्ये दिसतेच असे नाही. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन किंवा नवे शूज घालून पळत राहिल्यास भेगेचे रूपांतर पूर्ण मोडण्यात होऊ शकते. धावणे त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. काही आठवड्यांची विश्रांती जड वाटेल, पण हाड मोडले तर भरतीचे अख्खे वर्ष जाते.