तिथी विचारून निघावयाचा प्रवास

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारे पाणी मात्र आहे. लोणारच्या विवरातील ते क्षारयुक्त जल हजारो वर्षे एकाच जागी उभे आहे, त्याला बाहेर पडावयास वाट नाही, आणि चंद्राच्या कलांशी त्याचे काही देणेघेणेही नाही. खारे पाणी म्हणून एवढेच ज्याने पाहिले आहे, असा आमच्याकडील मनुष्य प्रथमच कोकणातील एखाद्या बंदरावर उभा राहतो, आणि सकाळी लाटांवर डुलणारी होडी दुपारी चिखलात कलंडलेली पाहतो, तेव्हा त्याला वाटणारा विस्मय मी स्वतः अनुभवला आहे. म्हणून खाजगी नौका ठरवून किनाऱ्याच्या आश्रयाने बेटे पाहत जाण्याची ज्यांना हौस आहे, त्यांना माझे सांगणे असते, की बेट किती मैलांवर आहे ही चौकशी मागाहून करावी; आधी तिथी विचारावी.

भरतीचा वेळ काढावयास जुन्या तांडेलाला कोष्टक लागत नाही. चालू पक्षातील तिथीची तो पाऊणपट करतो. अष्टमी असली तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास. अमावास्येला वा पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. आणि प्रत्येक भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ठोकताळा मुंबईच्या आसपासचा आहे, दक्षिणेकडे त्यात थोडा फरक पडतो. तथापि चंद्र रोज पाऊण तासाहून किंचित अधिक उशिरा उगवतो, त्याच्या मागोमाग पाणीही चालते, हे मर्म त्यात आले आहे. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण जोराचे, अष्टमीच्या सुमाराची भांग मंद. पंचांग आमच्याही घरोघरी असते, परंतु त्यावरून पाण्याची उंची काढता येते हे आम्हांला कोणी शिकविले नव्हते.

दुसरा विचार ऋतूचा. पावसाळ्यात हा प्रवास सर्वथा वर्ज्य होय. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ही आठवण किनाऱ्यावर अद्याप पुसलेली नाही. नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण झाला, की कोळ्यांचा समुद्र मोकळा होतो. आपण मात्र दिवाळीनंतर निघावे हे उत्तम. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटून पाणी खवळते. म्हणून लहान नौकेने मुक्काम सोडावा तो उजाडताच. नौकेची नोंदणी व परवाना डोळ्यांखालून घालावा, माणशी एक लाइफ जॅकेट असल्याची खात्री करावी, आणि तिचा तळ किती पाण्यात बुडतो हे अगत्याने विचारावे.

या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व खांदेरीस कळते. मलकापुरास वा शेगावास रात्रीच्या गाडीत बसून मुंबई गाठली, की अलिबागजवळील थळच्या समोरचे हे बेट दक्षिणेच्या वाटेवर लागते. 1679 साली शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी या बेटावर उतरले व तटाचे काम सुरू झाले. मुंबईकर इंग्रजांनी आपली गलबते आणून वेढा घातला. परंतु त्यांची अवजड जहाजे वाऱ्याच्या मर्जीवर चालणारी, आणि मराठ्यांच्या होड्या वल्ह्यांनी वाऱ्याविरुद्धही चालणाऱ्या, शिवाय इतक्या उथळ, की नागावच्या खाडीत शिरल्या म्हणजे त्यांचा पाठलाग करण्याची सोयच उरत नसे. रात्री त्याच होड्या दाणागोटा घेऊन पुन्हा बेटावर. 18 ऑक्टोबरच्या झुंजीत ‘डव्ह’ नावाचे इंग्रजी गलबत आरमाराच्या हाती लागले, आणि अखेर 1680 च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. हा वृत्तांत मी अनेकदा वाचला होता. पण आमच्या तांडेलाने इंजिन मंदावून, बांबूने पाणी मापीत नौका धक्क्याकडे नेली, तेव्हा त्या लढाईत उथळपणाचे मोल काय होते ते मला प्रथम उमगले.

पुढे सिद्दीचा जंजिरा, मग हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग. खांदेरी, सुवर्णदुर्ग व सिंधुदुर्ग ही तिन्ही बेटे जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी आहेत. किनाऱ्यावरून दुर्बिणीने पाहणाऱ्यास त्यांचे तट दिसतात. ती जागा का निवडली हे मात्र नौकेतूनच दिसते.

सिंधुदुर्ग ज्यावर उभा आहे त्या मालवणसमोरच्या कुरटे बेटाच्या बाबतीत तर हे पूर्ण खरे आहे. पाण्याखालच्या खडकांतून माहितगार मालवणी खलाशीच वाट काढतो, आणि तटाजवळ येईपर्यंत महाद्वार बुरुजांच्या वळणात लपलेले असते. सिंदखेडराजा येथे 1598 साली जन्मलेल्या जिजाऊंच्या पुत्राने 25 नोव्हेंबर 1664 रोजी येथे बांधकामास आरंभ केला. सुमारे तीन वर्षांत सुमारे तीन किलोमीटरचा तट उभा राहिला. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी आहेत आणि त्यांचे पाणी गोडे आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखातून आलेला मी, चोहोबाजूंनी समुद्र असलेल्या त्यांतील एका विहिरीच्या काठावर बराच वेळ वाकून उभा राहिलो. तेवढ्यात महाद्वाराकडून आमच्या खलाशाची हाक आली. षष्ठी होती, पाणी उतरू लागले होते.